गोदाकाठावरून मालवणच्या ताटापर्यंत

आपल्या परभणी जिल्ह्याला गोदावरीचा काठ आहे, समुद्र मात्र नाही. म्हणून खाण्यापिण्यासाठीच मालवण-वेंगुर्ल्याकडे निघालात, तर आठ-दहा जणच निघा. तिथल्या घरगुती खानावळीत बेत सकाळच्या मासळीवर ठरतो. बसभर पाहुणे एकदम आले, तर तव्यावरचं घावन पानात गरम कसं पडणार?

तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली, तर थांबा. दुपारी बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ हा मसाला असतो. तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं. मासे न खाणाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी. माझ्या मते तेच सरस!

सोलकढीत कोकमाचा आगळ आणि नारळाचं दूध. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालं. एप्रिल-मे महिन्यांत गेलात, तर ताजे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, दिसतील आणि काजूही. जून-जुलैत मात्र यांत्रिक मासेमारी बंद असते, हे लक्षात ठेवा.

जाताना आपल्याकडे हुरड्याबरोबर खातात त्या चटणीची पुडी न्या. कोकणातल्या यजमानीणबाईंना शेंगदाणा-लसणाचा तो झणका नक्की आवडेल.