सासूबाईंच्या डोळ्यातले भिंग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा मी लोणच्या-पापडांवर चार शब्द बोलेन असे आपणांस वाटले असेल. पण ज्या गोष्टीने आमच्या घराची वर्षभर झोप उडवली तिच्याविषयीच बोलते. विषय प्लास्टिकचा आहे. बादलीच्या नव्हे, माणसाच्या अंगात बसवतात त्या.

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रियेचे नाव काढले की त्या म्हणत, "बाई, डोऱ्यात पिलास्टिक टाकतेत म्हणे. थे सडलं तं?" आम्हीही आज-उद्या करीत राहिलो. मोतीबिंदू अति पिकला, डाव्या डोळ्यात दाब वाढला आणि आतली नस सुकली. तो डोळा गेला. यात माझीही चूक आहेच. त्यांच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही, म्हणून मी गप्प बसले होते.

माझा भाचा नागपूरला औषधशास्त्र शिकतो. दिवाळीत तो आला तेव्हा त्याला ओसरीवर बसवून घेतले. तो म्हणाला, मामी, डिंकाच्या लाडवातला डिंक, लुगड्याचा कापूस, जंगलातला बांबू, या सगळ्या साखरेच्या कणांच्या लांबच लांब माळाच आहेत. बांबूतल्या अशा माळा सोडवून घेऊन बल्लारपूरला कागद झाला. अशा माळेला शास्त्रात बहुवारिक म्हणतात आणि तिच्या एका मण्याला एकवारिक. प्लास्टिक म्हणजे माणसाने ओवलेली माळ.

भिंगाच्या मण्याचे नाव मिथिल मेथॅक्रिलेट. ते पाण्यासारखे पातळ, उग्र वासाचे द्रव आहे. त्याच्या कणात कार्बनचे दोन अणू एकमेकांना दोन्ही हातांनी धरून असतात. त्यांत चिमूटभर दुसरे द्रव्य टाकले की ते एक हात सोडवते. मोकळा हात शेजारच्या कणाला धरतो, तो त्याच्या शेजारच्याला, आणि अशी हजारोंची रांग लागते. रांग लागताना उष्णता निघते आणि द्रवाचा काचेसारखा स्वच्छ घट्ट पदार्थ होतो.

ही माळ ओवताना मी डोळ्यांनी पाहिली आहे, कारण दिरांची कवळी त्याच पदार्थाची. कवळी करणारा कारागीर गुलाबी भुकटीत ते द्रव घालून कणकेसारखा गोळा मळतो, साच्यात दाबतो आणि साचा पाण्यात शिजवतो. आधी सुमारे 70 अंशांवर बराच वेळ, मग उकळत्या पाण्यात. घाई केली तर आतले द्रवच उकळते आणि कवळीत फुगे राहतात. दिरांच्या पहिल्या कवळीने तोंडाची आग होई. ती कच्ची राहिली होती, म्हणजे काही मणी न ओवलेले होते. सुटा मणी झोंबतो. ओवला गेला की तो कुणाच्या वाटेला जात नाही. एवढे मला स्वयंपाकघरातल्या बाईला पटकन कळले.

डोळ्याची गोष्ट त्याहून नवलाची. 1940 साली इंग्लंडात लढाऊ विमानाच्या झाकणाचे तुकडे एका वैमानिकाच्या डोळ्यांत घुसले. झाकण याच प्लास्टिकचे होते. हॅरोल्ड रिडले नावाच्या डॉक्टरांनी पाहिले, की तुकडे आत राहूनही डोळा सुजत नाही. 1949 च्या नोव्हेंबरात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी 45 वर्षांच्या एका बाईच्या डोळ्यात या पदार्थाचे पहिले भिंग बसवले. माझ्याच वयाची ती! पुष्कळ डॉक्टरांनी तेव्हा नाके मुरडली. पुढे म्हातारपणी रिडले यांच्या स्वतःच्या डोळ्यातही असेच भिंग बसले. आपल्याकडे 1992 साली मदुराईला अरविंद नेत्रालयाच्या लोकांनी अरोलॅब काढून स्वस्त भिंगे करायला सुरुवात केली. आता घडी घालून लहानशा छिद्रातून सरकवण्याजोगी मऊ भिंगेही निघाली आहेत.

मी हे सगळे सासूबाईंना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मंग नातीच्या बारंतपणातले टाके कसे विरले? थे टाके विरतेत, तं भिंग काहून नाही विरणार?"

मी निरुत्तर. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, मामी, आजीने परीक्षेतला प्रश्न विचारला.

पूर्वी विरणारा टाका मेंढीच्या आतड्याचा असे. आताचा पुष्कळदा दोन आम्लांच्या माळेचा असतो. त्यातले एक दुग्धाम्ल, म्हणजे आपल्या दह्याचा आंबटपणा. या आम्लांचे मणी जुळताना दर सांध्यातून पाण्याचा एकेक कण बाहेर पडतो. कारखान्यात आधी दोन-दोन मण्यांची कडी करतात आणि ती उघडून लांब माळ ओवतात. सांधा मात्र तोच. पाणी देऊन जुळलेला हा सांधा पाणी मिळाले की सुटतो, आणि अंगात पाण्याला काय तोटा? जखम भरेपर्यंत टाका धरतो, मग ढिला होतो आणि दोन-अडीच महिन्यांत नाहीसा होतो. सुटलेले दुग्धाम्ल शरीराला परके नाही. कांडण-दळण करताना आपल्या स्नायूंत तेच तयार होते. भिंगाच्या माळेचा कणा मात्र कार्बनला कार्बन जोडून झालेला. तिथे पाण्याचे काही चालत नाही.

सासूबाईंना मी दह्याची वाटी आणि दिरांची कवळी पुढे ठेवून हे समजावले. कवळी कितीतरी वर्षे रोज रात्री पाण्यात बुडते, विरली का? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चाल, कधी जायचं?"

गडचिरोलीच्या सरकारी रुग्णालयात उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. त्यांनी खिडकीकडे पाहिले, मग माझ्याकडे बराच वेळ न्याहाळून पाहिले आणि म्हणाल्या, "बाई, तुहे केस पिकले वो!"