काम देणारा पैसे मागत नाही

आम्ही शाळा फार शिकलो नाही; जे शिकलो ते कामगारांच्या चाळींत आणि सभांत. मुंबईच्या गिरण्यांत कामावर घेताना जॉबर दस्तुरी उकळीत असे. १९३१ साली व्हिटले कमिशनने आपल्या अहवालात ही लाचखोरी नोंदविली. गिरण्या गेल्या, जॉबर मात्र गेला नाही. तो आता मोबाईलमध्ये बसला आहे.

घरबसल्या ऑनलाइन काम शोधणाऱ्या नवख्याला तो बरोबर गाठतो. मुलाखत नाही, कामाची पारख नाही, आणि मजुरी मात्र भरमसाट! व्हिडिओ पसंत करण्याबद्दल आधी शे-दीडशे रुपये देतो, विश्वास बसला की टेलिग्रामवर नेतो आणि ‘मोठ्या कामा’साठी अनामत मागतो. कोणी फॉर्म भरण्याचे काम देऊन करारावर सही घेतो. मग चुका दाखवून वकिलाच्या नावाने दंडाची खोटी नोटीस धाडतो. अशाच नोटिशीच्या धास्तीने एका मुलीने आईची पाटली गहाण टाकली. आमच्यापाशी आली तेव्हा ती लाजेने मान वर करीना. लाज तिला का वाटावी?

खूण एकच ध्यानात ठेवा: मजुरी देणाऱ्याकडून राबणाऱ्याकडे येते, ती उलटी वाहू लागली की ते काम नव्हे. पैसे घेण्यास यूपीआयचा पिन लागत नाही. फसलात तर तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करा. वेळेत कळविले तर रक्कम अडविता येते. आणि शेजाऱ्यालाही सांगा. एकट्याला लुटणे सोपे असते. म्हणून तर आम्ही संघटना बांधल्या.