पराभवानंतरची सहा वर्षे



निवडणूक संपली म्हणजे जिंकलेल्या पक्षाविषयी सारेच बोलतात. हरलेल्या पक्षाच्या दाराशी दुसऱ्या दिवशी कोणी फिरकत नाही. तथापि लोकशाहीचे आरोग्य विजयी पक्षाइतकेच पराभूत पक्षावरही अवलंबून असते. सरकार चुकले असता त्याच्या जागी बसविण्यास योग्य असा दुसरा पक्ष उभाच नसेल, तर नागरिकाच्या हातातील मतपत्रिकेला फारसा अर्थ उरत नाही. हा प्रश्न विशेष अवघड होतो तो जुन्याचे जतन करू पाहणाऱ्या, सावध वृत्तीच्या पक्षाच्या बाबतीत. ‘आहे ते राखा’ असे म्हणणाऱ्यास लोकांनी ‘आहे ते आम्हांस नको’ असे उत्तर दिले, तर त्याने काय करावे? इंग्लंडमधील कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षास, म्हणजे आपली मराठी वृत्तपत्रे ज्यास हुजूरपक्ष म्हणत आली त्या पक्षास, १९४५ साली हाच प्रश्न पडला होता. पुढील सहा वर्षांत त्याने त्याचे जे उत्तर शोधले, ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

१९४५ च्या ५ जुलै रोजी तेथे मतदान झाले. परदेशी असलेल्या सैनिकांची मते यावयाची होती, म्हणून निकाल २६ जुलैला लागला. कॉमन्स सभेच्या ६४० जागांपैकी ३९३ जागा मजूरपक्षाने जिंकल्या. युद्धात देशाचे नेतृत्व केलेले चर्चिल पंतप्रधानपदावरून पायउतार झाले. जगाला हा कृतघ्नपणा वाटला. पण तो तसा नव्हता. लोकांना १९३० नंतरच्या दशकातील बेकारी आठवत होती. डिसेंबर १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेव्हरिज अहवालाने आजारपण, बेकारी आणि वार्धक्य यांत सामान्य माणसास आधार देण्याची योजना मांडली होती, आणि हुजूरपक्षाने तिचे स्वागत थंडपणाने केले होते. त्यात भर म्हणून चर्चिल यांनी ४ जूनच्या आपल्या नभोवाणीवरील भाषणात मजूरपक्षाच्या राज्यव्यवस्थेचा संबंध जर्मनीतील गेस्टापोशी जोडला. पाच वर्षे त्यांच्याच मंत्रिमंडळात बसलेल्या ॲटलींविषयी हे ऐकून अनेकांना धक्का बसला. दुसऱ्या दिवशी ॲटलींनी नभोवाणीवरूनच अतिशय शांत उत्तर दिले.

नापास झालेला विद्यार्थी प्रथम परीक्षकास दोष देतो, हा आम्हां शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. पराभूत पक्षाचेही असेच होते. लोक अज्ञानी आहेत, वर्तमानपत्रे विकली गेली आहेत, विरोधकांनी खोटी आश्वासने दिली, अशी कारणे जिभेवर तयारच असतात. नाचता येईना, अंगण वाकडे! हुजूरपक्षातही असे बोलणारे लोक होते. परंतु ज्या थोड्या माणसांच्या हाती पक्षाच्या पुनर्बांधणीचे काम आले, त्यांनी अंगणाकडे बोट न दाखविता आपल्या पायांकडे पाहिले.

त्यांपैकी पहिले लॉर्ड वुल्टन. हे मूळचे व्यापारी गृहस्थ. युद्धकाळात ते अन्नमंत्री होते आणि शिधावाटपाच्या त्या दिवसांत त्यांचे नाव घरोघरी पोहोचले होते. विशेष गोष्ट अशी की, ते हुजूरपक्षात दाखल झाले ते पक्ष हरल्यानंतर. १९४६ साली पक्षाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९४७ मध्ये त्यांनी दहा लक्ष पौंडांचा निधी जमविण्याचे आवाहन केले. काही धनिकांकडून गुपचूप मोठ्या रकमा घेण्यापेक्षा मतदारसंघातील शाखांनी गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करावी, यावर त्यांचा भर होता. थेंबे थेंबे तळे साचे; निधी पुरा झाला. पैशाहून मोठा लाभ म्हणजे वर्गणीसाठी दारोदार गेलेल्या कार्यकर्त्यांना लोकांचे बोलणे ऐकावे लागले. तरुणांची स्वतंत्र संघटना १९४६ मध्ये उभी राहिली. १९५३ च्या सुमारास पक्षाची सभासदसंख्या २८ लाखांवर गेली होती.

दुसरे काम उमेदवारीचे. तोपर्यंत हुजूरपक्षाचा उमेदवार बहुधा निवडणुकीचा खर्च स्वतः करी आणि शिवाय स्थानिक शाखेस दरसाल मोठी देणगी देई. साहजिकच हुशार पण बेताच्या मिळकतीच्या माणसास तेथे वाव नव्हता. सर डेव्हिड मॅक्सवेल फाइफ यांच्या समितीने १९४८-४९ मध्ये ही प्रथा मोडून काढली. उमेदवाराने शाखेस वर्षाकाठी २५ पौंडांहून आणि पार्लमेंटच्या सभासदाने ५० पौंडांहून अधिक देऊ नये, असा नियम झाला. निवडणुकीच्या खर्चाचा भार शाखेवर आला. या नियमाने एका रात्रीत कारकुनांची आणि कामगारांची मुले उमेदवार झाली, असे मात्र नव्हे. निवड करणाऱ्या स्थानिक मंडळींची आवडनिवड बदलण्यास पुष्कळ काळ जावा लागला. तरी पैशाचा अडसर दूर झाला.

तिसरे काम विचाराचे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते रिचर्ड ऑस्टिन बटलर यांच्याकडे आले. यांचा जन्म १९०२ साली हिंदुस्थानातच, अटकेस झाला. त्यांचे वडील सर माँटेग्यू बटलर १९२५ ते १९३३ या काळात नागपुरास मध्यप्रांत व वऱ्हाडचे गव्हर्नर होते. इंग्लंडचा १९४४ चा शिक्षणविषयक कायदा बटलर यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांनी पक्षाच्या संशोधन विभागास नवा जीव दिला. मॅक्लिऑड, मॉडलिंग, पॉवेल असे नव्या दमाचे तरुण पक्षाच्या या कामात आले. १९५० च्या निवडणुकीत ते तिघेही पार्लमेंटमध्ये गेले.

मे १९४७ मध्ये बटलर यांच्या समितीने उद्योगधंद्यांविषयीची सनद प्रसिद्ध केली. कोळशाच्या खाणी, रेल्वे आणि बँक ऑफ इंग्लंड यांचे राष्ट्रीयीकरण आता उलटविता येणार नाही, आणि सर्वांना रोजगार मिळेल अशी स्थिती राखणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे तीत मान्य केले होते. त्याचबरोबर खाजगी उद्योग आणि व्यक्तीचा पुढाकार यांवरील निष्ठाही सोडलेली नव्हती. पक्षातील जुन्या मंडळींना ही शरणागती वाटली. खुद्द चर्चिल यांनाही ती मनापासून रुचली नव्हती. परंतु त्या वर्षीच्या पक्षाच्या परिषदेने ती मोठ्या बहुमताने स्वीकारली. आपल्याला नेमके काय जतन करावयाचे आहे आणि काय हातचे गेले, हे पक्षाने यानिमित्ताने प्रथमच कागदावर मांडले. ज्यास सर्वच राखावयाचे असते, त्याच्या हाती बहुधा काहीच राहत नाही.

पुढे १९५० च्या ब्लॅकपूल येथील परिषदेत सामान्य प्रतिनिधींनीच आग्रह धरला की, दरसाल तीन लाख घरे बांधण्याचे वचन लोकांना द्यावे. नेत्यांना ते मान्य करावे लागले, आणि १९५३ साली मॅकमिलन यांनी गृहनिर्माणमंत्री म्हणून तो आकडा ओलांडून दाखविला.

फळ लगेच आले नाही. फेब्रुवारी १९५० मध्ये हुजूरपक्ष पुन्हा हरला. मात्र मजूरपक्षाचे बहुमत अवघ्या पाचांवर आले. ऑक्टोबर १९५१ मध्ये हुजूरपक्ष व त्याचे मित्र यांस ३२१ आणि मजूरपक्षास २९५ जागा मिळाल्या. एकूण मते मात्र मजूरपक्षासच अधिक होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शिधावाटपाला लोक कंटाळले होते, मजूरपक्षाचे नेते थकले होते. केवळ पुनर्बांधणीने विजय मिळत नाही. त्यास वारेही अनुकूल असावे लागते. पण वारा फिरला तेव्हा ज्याचे शीड दुरुस्त होते, तोच पुढे गेला, आणि १९६४ पर्यंत तेरा वर्षे सत्तेवर राहिला.

याउलट उदाहरण आपल्याकडचे आहे. राजाजींनी १९५९ साली स्थापिलेल्या स्वतंत्र पक्षाने १९६७ मध्ये लोकसभेच्या ४४ जागा जिंकल्या; १९७१ मध्ये त्या ८ वर आल्या आणि १९७४ मध्ये तो पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला. त्याच्याजवळ विचार होता, विद्वान वक्ते होते. परवाना-पद्धतीवरील त्याच्या टीकेतील कित्येक मुद्दे १९९१ नंतर दुसऱ्याच पक्षाच्या सरकारने अमलात आणले. पण संस्थानिक आणि प्रतिष्ठित यांच्या वैयक्तिक वजनावर त्याचा फार भर होता. वर्गणी देणारा, दारोदार जाणारा कार्यकर्ता त्याच्याजवळ पुरेसा नव्हता. पराभव आला तेव्हा पक्षास सावरून धरील असे खाली काही उरले नाही.

खुद्द हुजूरपक्षावर जुलै २०२४ मध्ये पुन्हा तशीच वेळ आली. ६५० पैकी १२१ जागा. त्याच्या इतिहासातील हा नीचांक. १९४५ पेक्षा ही अडचण बिकट आहे. कारण त्याचे मतदार या वेळी एकाच दिशेने गेले नाहीत. काही मध्यममार्गी पक्षांकडे गेले, तर काही त्याच्याहून कडव्या अशा रिफॉर्म पक्षाकडे. एकास परत बोलवावे तर दुसरा दुरावतो. म्हणून वुल्टन आणि बटलर यांची नक्कल करून भागणार नाही. परंतु त्यांच्या कामाचा क्रम अजून उपयोगी आहे: प्रथम निकाल मान्य करणे, मग लोकांच्या दाराशी जाणे, गुणी माणसास वाट मोकळी करणे, काय राखावयाचे ते ठरविणे, आणि पुरे करता येईल असेच वचन देणे.

हे केवळ त्या पक्षाच्या हिताचे नाही. फार झपाट्याने होणाऱ्या बदलांना भिणारी माणसे प्रत्येक समाजात असतात, आणि त्यांची भीती नेहमीच खोटी नसते. त्यांचे म्हणणे जबाबदारीने मांडणारा पक्ष मोडला, तर ती माणसे नाहीशी होत नाहीत. जो मोठ्याने ओरडेल त्याच्या मागे ती जातात. म्हणून ज्यांनी त्या पक्षास कधी मत दिले नाही, त्यांनीही तो नीट उभा राहावा अशी इच्छा धरणे शहाणपणाचे आहे.