चैत्यगृह पूर्ण करविणारी भटपालिका

(वाशीम येथे उपासक-उपासिकांच्या सभेत केलेले भाषण)



आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले. त्याचा लेख तेथे कोरलेला आहे, म्हणूनच पंधरा शतकांनंतरही आपण त्याचे नाव घेतो. मग धम्माची लेणी उभी करण्यात स्त्रियांचा वाटा नव्हता काय? होता, आणि त्याची साक्ष नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर आहे.

या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणत आले. वस्तुतः ती बौद्ध भिक्षूंची लेणी होत. त्यांतील 18 क्रमांकाचे लेणे हे चैत्यगृह आहे. त्याच्या दारावरील कमान हे धंभिक नावाच्या गावाचे दान आहे, असे तेथील लेख सांगतो. आतील खांबांवरचा ब्राह्मी लेख मात्र एका स्त्रीचा आहे. राजामात्य अरहलय याची कन्या, राजामात्य व भांडागारिक अगियतणक याची पत्नी आणि कपणणकाची माता भटपालिका हिने हे चैत्यगृह पूर्ण करविले, असा त्याचा आशय आहे.

भगिनींनो, येथे थोडे थांबून विचार करा. पिता, पती आणि पुत्र या तिघांच्या नावांनी तिची ओळख दिली आहे; परंतु कार्य त्यांपैकी एकाच्याही नावावर नाही. ते भटपालिकेचे आहे. छिन्नी चालविणाऱ्या पाथरवटांची नावे या लेखात नाहीत, हेही आपण विसरता कामा नये. श्रमणाऱ्यांची नावे पुसली जाण्याचे दुःख आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

ब्राह्मी लिपीचे ज्ञान लोपले आणि भटपालिका मुकी झाली. 1837 साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती लिपी उलगडली. पुढे भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या पंडितांनी नाशिकचे लेख वाचले, तेव्हा ती पुन्हा बोलू लागली. पण ती विद्वानांच्या ग्रंथांत बोलते. आपल्या घरांत अजून नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी 1951 साली मंत्रिपदाचा त्याग केला. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. असे असता बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यावयाची आणि विहारात पंचशील म्हणावयाचे, हे धम्माला शोभणारे नाही.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. विहाराच्या फलकावर देणगी देणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे नाव कोरा. शेताच्या सातबाऱ्यावर लेकीचे नाव लावा. दोन हजार वर्षांपूर्वी खांबावर जे झाले, ते आज कागदावर होण्यास अडचण कोणती?

नमो बुद्धाय! जय भीम!