व्हॉल्व्हचा रेडिओ भंगारात देऊ नका
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



माळ्यावरचा जुना रेडिओ भंगारवाल्याला द्यायच्या आधी माझं एवढं ऐका. वडिलांचा व्हॉल्व्हचा सेट मी आजही लावतो. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नाही. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशात उंचावरच्या थरावरून परततात, म्हणून तर सिलोनची गाणी आपल्या वडवणीपर्यंत पोचायची. १९४२ साली उषा मेहता आणि सहकाऱ्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ मुंबईहून ४२.३४ मीटरवर लागायचा, तोही असल्याच सेटवर ऐकला जाई.

पण वर्षानुवर्षं बंद असलेल्या सेटची पिन एकदम लावू नका. आतले कंडेन्सर लीक झालेले असतात, सेट जळू शकतो. आत दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही वीज साठून राहते. आधी जाणकार मेकॅनिककडून तपासून घ्या. ऐकताना जवळचा चार्जर काढा, खरखर कमी होते.

हे काम येणारे हात आता थोडेच उरलेत. ते आहेत तोवर रेडिओ घेऊन जाताना मुलांनाही सोबत न्या.