डोक्याचा मार आणि रक्तदाबाची गोळी

पायाला खोक पडली, की भोवतालची जागा सुजते, ठणकते. हा दाह म्हणजे शरीराने काढलेली डागडुजीच. पण मेंदू कवटीच्या बंद पेटीत असतो. तिथं सुजायला जागा नाही. म्हणून पुष्कळदा मारापेक्षा सूजच पुढे घात करते.

आपल्या शरीरात अँजिओटेन्सिन नावाचा पदार्थ असतो. तो रक्तवाहिन्या आवळतो आणि दाहही भडकवतो. कॅन्डेसार्टन ही रक्तदाबाची गोळी त्याची वाट अडवते. २०१२ साली अमेरिकेतील संशोधकांनी डोक्याला मार दिलेल्या उंदरांना हे औषध दिले. दाह उतरला, जखम लहान राहिली, स्मरण सुधारले.

मग आजोबांची गोळी द्यायची का? मुळीच नाही! उंदीर वेगळा, माणूस वेगळा. स्टेरॉइडेही अशाच भरवशावर देत असत; २००४ साली १०,००० रुग्णांवरच्या चाचणीत दिसले, की त्यांनी मृत्यू वाढतात. शिवाय मार लागल्यावर रक्तदाब उतरला, तर मेंदूला रक्तच पुरत नाही.

तेव्हा गुरुजी, मूल झाडावरून पडलं, ओकू लागलं, पेंगुळलं, तर घरची गोळी नको. तडक दवाखाना गाठा. आणि ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांनी ती आपल्या मनानं सोडू नये.