लेकराच्या शब्दांचीही नोंद ठेवा

आपल्या गटात दर महिन्याला बचतीची नोंद होते. कोणी किती भरले, कोणाचं कर्ज किती फिटलं, सगळं रजिस्टरात असतं. अंगणवाडीत लेकराचं वजनही लिहितात. पण लेकराला किती शब्द बोलता येतात, हे बहुतेक घरांत कोणी लिहीत नाही. आज त्याबद्दलच बोलू.

आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात लेकराला पाहायला घरी येतात. अंगणवाडीत बसून शिकणं सुरू होतं तीन वर्षांनंतर. मधली पावणेदोन वर्षं लेकराचा बहुतेक वेळ घरीच जातो, अन् शब्द भराभर वाढतात ते याच काळात. म्हणून लक्ष ठेवायचं ते घरच्यांनीच.

त्यासाठी मोठ्या पोराच्या जुन्या वहीतली दोन कोरी पानं पुरतात. तारीख लिहा, शब्द लिहा, तो कशासाठी वापरला ते लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला सांगा. शब्द साफच पाहिजे असं नाही. गाईला रोज ‘हम्मा’ म्हणत असेल, पाण्याला ‘मम’ म्हणत असेल, तर तोही शब्दच. मात्र लेकराने तो आपल्या मनाने, त्याच वस्तूसाठी, पुन्हा पुन्हा वापरला पाहिजे. आपण म्हटलं अन् त्याने एकदा नक्कल केली, तर तो अजून मोजायचा नाही.

साधारण वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो. दोन वर्षांपर्यंत पुष्कळ लेकरांजवळ पन्नासेक शब्द जमतात आणि ती दोन शब्द जोडू लागतात: ‘आई ये’, ‘दूध दे’. कोणी चार महिने आधी बोलतं, कोणी मागून. म्हणून शेजारणीच्या लेकराशी तुलना नको. आपल्याच वहीतलं मागचं पान पाहा, शब्द वाढत आहेत का ते बघा.

पण काही खुणा दिसल्या तर थांबायचं नाही. सोळा महिने झाले तरी एकही शब्द नाही. दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नाही. नावाने हाक मारली तरी वळत नाही. किंवा आधी बोलत होतं अन् आता बोलणं बंद झालं. यातलं एकही दिसलं तर लेकराला तपासून घ्या.

इथंच आपलं घोडं अडतं. घरातल्या म्हाताऱ्या बाया म्हणतात, “याचा बापही तीन वर्षांनी बोलला, बोलेल हाही.” काही लेकरं खरंच उशिरा बोलतात. पण आपलं लेकरू त्यातलंच आहे की त्याला ऐकूच कमी येतं, हे घरी बसून समजत नाही. ताट वाजवलं अन् वळून पाहिलं, म्हणजे कान बरे, असंही नाही. मोठा आवाज ऐकू येतो, पण बोलण्यातले बारीक आवाज निसटतात, असं होऊ शकतं. कान वारंवार वाहत असेल तरीही ऐकू कमी येतं. अशा वेळी जिभेला वेखंड लावून काय होणार? पोरगी असेल तर आणखी एक गोष्ट होते. “शांत आहे बिचारी” म्हणून तिच्याकडे कोणी पाहतच नाही. जे लेकरू ऐकत नाही, ते बोलायला शिकणार कसं? अन् इलाज जितका लवकर, तितका त्याचा उपयोग जास्त.

जायचं कुठं? आधी अंगणवाडी ताईला किंवा आशाताईला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत लेकरं तपासतं आणि गरज पडली तर पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतं. तिथं जाताना वही सोबत न्या. “कमी बोलते” असं नुसतं सांगण्यापेक्षा “वीस महिन्यांची आहे, चार शब्द बोलते” हे सांगितलं की डॉक्टरांना नीट समजतं. पथक यायला वेळ असेल तर वाट पाहू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

आता शब्द वाढवायचे कसे? आपण कापूस वेचायला वावरात जातो, लेकरू आजीजवळ किंवा मोठ्या बहिणीजवळ असतं. म्हणून हे त्यांनाही सांगा. जे काम हाती आहे त्याचंच नाव घ्या: “हा गडवा. गडव्यात पाणी.” मग थोडं थांबा, मनात पाच आकडे मोजा. लेकराला उत्तर द्यायला वेळ लागतो. ते ‘पानी’ म्हणालं की आपण म्हणायचं, “हो, थंड पाणी.” बोबडं बोललं म्हणून हसू नका, दहादा म्हणायलाही लावू नका. “भाकर पाहिजे की दूध?” असं विचारा. रडू नये म्हणून हातात मोबाईल देऊ नका. मोबाईल बोलतो, पण लेकराच्या उत्तरासाठी थांबत नाही. दुसरं वर्ष पुरं होईपर्यंत मोबाईल, टीव्ही नकोच.

धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू बहिणींना आणि आमच्या बंजारा बहिणींना खास सांगते. लेकराशी आपल्या घरच्या भाषेतच भरपूर बोला. दोन भाषा ऐकल्याने लेकरू गोंधळून मुकं राहत नाही. वहीत कोरकूतला शब्द मोजा, मराठीतलाही मोजा, दोन्हींची बेरीज करा. वऱ्हाडीचंही तेच. पुस्तकातलं बोलणं पुढं शाळा शिकवेल.

गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीची नोंद झाली की आणखी दहा मिनिटं बसा. ज्यांच्या घरी एक ते तीन वर्षांचं लेकरू आहे, त्यांनी वही आणावी. कोणाचं पान कोरंच दिसलं तर त्या बाईला नावं ठेवू नका. गटातल्या एकीने तिच्यासोबत आरोग्य केंद्रात जावं.